कोऱ्या काचेचा आजार

उभ्या नोकरीत मी दोनच कामं केली. कुत्र्यांना सुया टोचल्या आणि एक डोळा मिटून काचेत बघत बसलो. सोलापुरातल्या गुरांच्या एका दवाखान्यात मी कंपाउंडर होतो. कोणत्या ते सांगत नाही, कारण आता तिथं सगळं नीट चालतं. लोक मला 'काचवाले' म्हणत. ज्यांच्या कुत्र्यांना मी टोचलं होतं ते आणखी काही म्हणत, पण ते दिवाळी अंकात छापण्यासारखं नाही.

गोष्ट तीस सालानंतरची. आमचे डॉक्टर कर्णिक मुंबईला सहा महिने काही शिकायला गेले. जाताना माणूस साधा होता. परत आले ते एक पितळी मायक्रोस्कोप हातात आणि लेशमानिया डोक्यात घेऊन. लेशमानिया हा एक जंतू. बंगालकडं माणसांना काळा आजार होतो तो याच्यामुळंच. तिकडं भूमध्य समुद्राच्या काठावर तो शहरातल्या कुत्र्यांत सापडतो आणि एक बारीक माशी चावून तो कुत्र्याचा माणसाला देते, असं तेव्हा बोललं जाई. मुंबईच्या वर्गात प्राध्यापक म्हणाले होते, की आपल्या बाजूला कुत्र्यात हा अजून कुणी दाखवलेला नाही, जो दाखवील त्याचं नाव होईल. वर्गात बरेच जण होते, पण ते वाक्य लागलं आमच्या डॉक्टरांना.

हा रोग ओळखायचा कसा ते त्यांनी मला फळ्यावर लिहून दिलं. कुत्रं खातं पण वाळतं. डोळ्यांभोवतीचे केस जातात. अंगाचा कोंडा पडतो, कानाच्या कडा फुटतात, नखं वाढून वाकडी होतात, मागच्या गुडघ्यामागची गाठ सुजते. आता यातलं निम्मं सोलापुरातल्या कुठल्याही कुत्र्याला लागू पडतं आणि वैशाखात थोडंफार माणसांनाही. म्हणून नुसत्या दिसण्यावर जायचं नाही. गाठीत सुई घालायची, निघेल तो थेंबभर रस काचेवर पसरायचा, वाळवायचा, त्यावर निळाजांभळा रंग चढवायचा, धुवायचा आणि भिंगाखाली बघायचं. रोग असला तर मोठ्या पेशींच्या पोटात लांबट दाणे दिसतात. प्रत्येक दाण्यात एक मोठा ठिपका आणि शेजारी एक बारीक काडी. ठिपका आणि काडी, दोन्ही पाहिजेत. हे वाक्य डॉक्टरांनी मला तीनदा ऐकवलं आणि स्वतः एकदाही ऐकलं नाही.

मायक्रोस्कोपला खाली एक आरसा असतो. त्यानं खिडकीतलं ऊन वर फेकायचं, तेव्हा दिसतं. ढग आले की आमच्याकडचे सगळे रोग थांबत. सोलापुरात ढगांचा त्रास फारसा नसल्यानं मला मात्र विश्रांती अशी मिळालीच नाही.

पहिला संशयित निघाला नातेपुत्याकडच्या एका धनगराचा कुत्रा. धनगर बाजाराला मेंढरं घेऊन आला होता. कुत्र्याची नखं कोयत्यासारखी वळलेली बघून डॉक्टरांनी खुर्ची सोडली.

"नखं कधीपासून वाढली?"

"त्याला घोड्यावर बसवल्यापासनं."

"घोड्यावर कशाला बसवलं?"

"म्हातारं झालंय की ओ. चालवत न्हाय. मग कोंबड्यांच्या डालग्याशेजारी घोड्यावर बसतंय. चाललंच न्हाय तर नखं झिजत्याल कशी? तुमी बी सायेब बसूनच असता, तुमची नखं काढाया न्हावी येतोच की."

तरीही डॉक्टरांनी मला सुई घ्यायला लावली. काचेवर काही निघालं नाही. त्या म्हाताऱ्याच्या तोंडात दोनच दात राहिले होते, ते दोन्ही माझ्या मनगटात उमटले. धनगरानं फुकट शिकवलेलं ते शास्त्र मी हात बांधता बांधता विसरलो.

आता नरसम्माबद्दल सांगायला हवं. भवानी पेठेतली ही तेलुगू विणकरीण. तरुणपणी पंधरा वर्षं गिरणीत काढली, तिथल्या आवाजात दोन्ही कान गेले, मग घरी हातमाग टाकला. नवरा नव्हता, मूलबाळ नव्हतं. होती ती रंगी नावाची कुत्री. रंगी मुळात पांढरी होती म्हणे, पण मी तिला पांढरी कधी पाहिली नाही. शेजारी रंगाऱ्याचं घर, दोरीवर ओली सुतं टांगलेली, आणि रंगीला त्या गळत्या सुताखालचा गारवा आवडायचा. शेजारी त्या आठवड्यात जो रंग चालू असेल तो हिच्या अंगावर. दसऱ्याच्या सुमाराला ती लाल असे.

ही रंगी दारात कुणी आलं की माग चालवणाऱ्या नरसम्माच्या लुगड्याचा काठ धरून ओढी. चुलीवर उतू गेलं की ओढी. रस्त्यातनं मागून टांगा आला की ओढी. नरसम्माच्या लुगड्याला तेवढ्या जागी नेहमी भोकं असत. "ती कुत्री न्हाय, माझा कान हाय," असं ती येईल त्याला सांगायची, आणि ऐकू येत नसल्यानं अशा आवाजात सांगायची की सगळ्या पेठेला ते पाठ झालं होतं.

एकदा मी रंगीच्या कानातली जखम धुऊन बरी केली. तेव्हा मी सहज हातवारे करून सांगितलं, की काचा पुसायचं मऊ कापड संपलंय, वरून येत नाही, धोतराच्या सोग्यानं पुसतो. दुसऱ्या दिवशी बाई एक भलं मोठं सुताचं बोचकं घेऊन हजर. मागावर ताणा, म्हणजे उभं सूत, संपतो तेव्हा टोकांची तुटकी सुतं उरतात, ती तिनं साठवलेली. "कंपौंडर, मऊ हाय बगा. पुसा काच. रंगीचं पुण्य हाय तुमाला." इतकं मऊ सूत, शिवाय फुकट. मी त्यानं प्रत्येक काच दोनदा पुसायला लागलो. वाफ देऊन पुसायचो, चमक यावी म्हणून.

त्यानंतर महिन्याभरात डॉक्टरांनी पेठेतल्या कुत्र्यांची तपासणी काढली. कुणी पळाले, कुणी कुत्री माळ्यावर चढवून ठेवली. आपण होऊन आली ती एकटी नरसम्मा. मी तिच्या रंगीचा कान बरा केला होता ना, तिचा माझ्यावर विश्वास. रंगी त्या आठवड्यात जांभळी होती. डॉक्टरांनी तिला उलटीपालटी करून पाहिलं. डोळ्यांभोवती केस नाहीत, कोंडा आहे, नखं वाढलेली, गुडघ्यामागची गाठ सुजलेली. फळ्यावरचं सगळं कुत्रीवर हजर. मी सुई घातली, नरसम्मानं तिचं तोंड धरलं, रंगी कुंईसुद्धा करेना.

काच भिंगाखाली घातली. दाणे. लांबट, नीटस, पोटात जांभळा ठिपका. मी डॉक्टरांना हाक मारली. त्यांनी बघितलं, चष्मा काढून बघितलं, मला मिठी मारली. सरकारी नोकरीत वरिष्ठानं मिठी मारल्याचा तेवढा एकच प्रसंग.

"साहेब, काडी दिसत नाही. ठिपका एकच आहे," मी म्हणालो.

"काडी बारीक असते, बाबूराव. ऊन कमी असेल."

बाहेर बाराच्या उन्हानं डोकं फुटायची वेळ आली होती. पण मीही दुसऱ्यांदा बोललो नाही. खरं सांगतो, माझं नावही त्या निबंधात खाली येणार होतं.

सापडायला लागलं की सगळीकडे सापडतं. त्याच दिवशी टांगा स्टँडवरच्या पिवळ्या कुत्रीत सापडलं. दुसऱ्या दिवशी आणखी चौघांत. एका वकिलांचं पांढरं केसाळ कुत्रं होतं, मखमलीच्या गादीवर झोपणारं. त्यातही सापडलं. वकील म्हणाले, निकालाची नक्कल द्या, मी वर अपील करतो. डॉक्टरांनी रंगीची एक काच मुंबईला पाठवली, निबंधाचा मथळा लिहून काढला आणि पालिकेला पत्र दिलं. नियम असा ठरला, की ज्या कुत्र्याला मालक आहे त्याच्या मालकाला चार दिवसांची नोटीस, मग कुत्रं मारायचं. टांगा स्टँडवरच्या पिवळीला मालक नव्हता, तेव्हा तिच्यासाठी थांबायचं कारण नव्हतं. ती त्याच संध्याकाळी गेली. मी घरी येऊन मंडळींना अभिमानानं सांगितलं, की आज माझ्या काचेनं शहर वाचवलं.

नोटीस गेल्यावर तिसऱ्या दिवशी डॉक्टर गुरांच्या साथीसाठी जेऊरला गेले. एकटा बसलो होतो, तेव्हा वाटलं, निबंधाला जोडायला निरोगी रक्ताची एक काच हवी. निरोगी म्हणजे कोण, तर मी. बोट टोचलं, काच केली, भिंगाखाली घातली. दाणे.

त्या वेळची माझी अवस्था विचारू नका. मी दवाखान्याचं दार लावून घेतलं आणि अंगरखा काढून, काळ्या आजारात फुगते ती प्लीहा पोटात चाचपू लागलो. नखं पाहिली, वाढलेली. गुडघ्यामागं हात घातला, काहीतरी लागलं. तसाच घरी गेलो आणि मंडळींना सांगितलं, की मला कुत्र्यांचा काळा आजार झालाय, मन घट्ट करा.

त्यांनी पोळीवरनं हात काढला नाही. "नखं दाखवा. ही होय? शनिवारी कापायची नाहीत म्हणून तुम्ही रविवारीही कापत नाही. आणि वाळलात म्हणता? मागच्या दिवाळीचा कोट बसत नाही तुम्हाला. जेवून घ्या."

"काचेत दिसलं गं."

"मग काचेला झालं असेल."

बोलून त्या पोळी उलटायला वळल्या. मी पाटावरनं उठलो तो उलटपावली दवाखान्यात. एक नवी काच घेतली, सुतानं छान पुसली, तिच्यावर काही म्हणजे काही ठेवलं नाही, आणि नुसतीच रंगवली. भिंगाखाली घातली. दाणे.

रक्त नाही, कुत्रं नाही, माणूस नाही. कोरी काच, आणि तिला काळा आजार. मग धोतराच्या सोग्यानं एक काच पुसून रंगवली. ती निर्मळ. आता बोचक्याकडे बघायचा मला धीर होईना.

विणकरांच्या घरी ताण्याला खळ लावतात. पिठाची पेज चारसहा दिवस आंबवायची आणि गल्लीत ताणा पसरून कुंच्यानं त्याला पाजायची, म्हणजे सूत मागावर तुटत नाही. ते आंबट पीठ वाळून सुतात बसतं, आणि आंबवणाचे जंतू त्यात असतात. लांबट, नीटस, पोटात एक ठिपका. काडी नाही. आंबोळीच्या आंबट पिठात असतात तेच. नरसम्मानं पुण्य म्हणून दिलेल्या सुतानं मी तिच्याच कुत्रीला फाशी दिली होती. आणि रंगीची नोटीस भरत होती दुसऱ्या दिवशी सकाळी आठला.

डॉक्टर जेऊरला. सही त्यांची, रद्द करायचा अधिकार त्यांचा. आणि मी अजून कायम झालो नव्हतो. सकाळी साडेसातला मी भवानी पेठेत होतो. पालिकेचे इन्स्पेक्टर पाटणकर माझ्याआधी पोचलेले, दोन माणसं आणि एक साखळी घेऊन. पाटणकर कागदाला कागद जुळल्याशिवाय घोटभर पाणीसुद्धा पिणारे नव्हते.

"काचवाले, बरं झालं आलात. कागदावर 'जांभळी कुत्री' लिहिलंय. खूण तुमच्याच अक्षरात आहे. इथं जांभळी कुत्री नाही."

मी बघितलं. नरसम्मा दारात बसलेली, मांडीत रंगी. रंगी हिरवीगार. शेपटीच्या टोकापासून कानापर्यंत, आणि अजून ओली. शेजारचा रंगारी आपले हिरवे हात मागं लपवून आभाळाकडं बघत होता. बहिऱ्या बाईला नोटीस कुणी कशी समजावली असेल कोण जाणे, पण तिनं उपाय शोधला होता.

"ही ती आहे का? तुम्ही तपासलीत, तुम्हीच ओळखा," पाटणकर म्हणाले.

उभ्या नोकरीत मी खोटी ओळख दिली नव्हती. चुकीची दिली असेल, खोटी नाही. तरी मी छाती पुढं काढून म्हणालो, "ही ती नव्हे. ती जांभळी होती. ही जातिवंत हिरवी आहे."

पाटणकर पेन्सिलीला थुंकी लावून लिहायला लागले. प्रकरण इथं मिटलं असतं. पण रंगीनं मला ओळखलं. मी कान बरा केला होता, दुसरं काय. ती मांडीतून उतरली, आली आणि माझा ओला हिरवा सत्कार केला. मग परत जाऊन नरसम्माचा काठ ओढू लागली, की पाहुणा आलाय, बघ.

नरसम्माला आम्ही काय बोललो ते ऐकू गेलेलं नव्हतं. तिला एवढंच दिसलं, की मी कुत्रीकडं हात केला आणि साहेबानं लिहिलं. ती उठून माझ्यासमोर उभी राहिली. "कंपौंडर, मी आनली होती की तिला तुमच्याकडं. मी धरलं तिचं तोंड. तुमी हाय म्हनून धरलं."

मी हळूच हातवारे केले, की तसं नाही, कुत्री चांगली आहे. तिला वाटलं मी साखळी मागतोय. मी सुईची खूण करून नकाराचा हात हलवला. तिला वाटलं, आता टोचून मारणार. ती रडायला लागली. आंबवणाच्या जंतूला हातानं खूण कशी करायची हे मला आजही कुणी सांगावं. शेवटी मी तिच्या कानाशी तोंड नेलं आणि बेंबीच्या देठापासून ओरडलो.

"चूक माझी हाय! रंगीला रोग न्हाय! तुझ्या सुतातल्या खळीचे जंतू होते! मी काच नीट पुसली नाही!"

सगळे माग थांबले. रंगाऱ्यानं हात पुढं केले. पाटणकरांची पेन्सिल हवेत राहिली. सरकारी चूक इतक्या मोठ्यानं कबूल केलेली पेठेनं त्याआधी ऐकली नव्हती.

"म्हणजे ही तीच कुत्री," पाटणकर म्हणाले.

"तीच."

"मग लिहून द्या."

मी त्यांच्याच कागदाच्या पाठीवर, नरसम्माच्या ओट्यावर बसून लिहिलं. सगळे अहवाल चुकीचे, सगळी कुत्री या रोगापासून मुक्त, खाली माझी सही. अधिकार काही नव्हता, सही मात्र झोकदार केली. पाटणकरांनी कागद दोनदा वाचला, साखळी गुंडाळली आणि जाताना म्हणाले, "टांगा स्टँडवरचीचंही यात आलं का?"

मी म्हटलं, आलं.

"बरं," ते म्हणाले आणि गेले. त्यांनी टोचून म्हटलं नव्हतं, त्यांना नुसती यादी पुरी करायची होती. नरसम्मा माझ्या हातात ताक देत होती आणि मला ते पिववेना.

डॉक्टर परत आले तेव्हा मी मायक्रोस्कोपखाली कोरी काच लावून ठेवली होती. त्यांनी बघितलं आणि खूश होऊन विचारलं, "वा. कुणाचं कुत्रं?" मी सांगितलं. मग त्यांनी निबंधाचा मथळा टराटरा फाडला आणि म्हणाले, "काडी नाही असं तुम्ही म्हणाला होता, बाबूराव. दुसऱ्यांदा का नाही म्हणालात?" दहा दिवसांनी मुंबईचा कागद आला. दोनच ओळी. आपण पाठवलेल्या काचेवर आंबवणाचे जंतू आहेत. काचा स्वच्छ पुसत जाव्यात. वकिलांना आम्ही अपील मंजूर झाल्याचं कळवलं.

रंगीला निघाली ती नुसती खरूज. गाठ त्यानंच सुजलेली, डोळ्यांभोवतीचे केस रंगातल्या सोड्यानं गेलेले, आणि नखं? दिवसभर मागाशेजारी बसून राहिली तर झिजतील कशी. गंधकाचं तेल लावून महिन्यात बरी झाली. त्यानंतर सात वर्षं तिनं लुगडी फाडली.

मी पुढं कायम झालो. इतक्या वर्षांत हजारो कुत्री टोचली, पण लेशमानिया मला सोलापुरात एकदाही सापडला नाही. त्या दिवसापासून एक शिस्त मात्र लावून घेतली. काचांची नवी चळत रंगवायला घेतली, की पहिली काच कोरी. तिच्यावर काही ठेवायचं नाही, नुसती रंगवायची आणि आधी ती बघायची. ती निर्मळ असेल तरच पुढं जायचं. प्रत्येक काचेला चिठ्ठी लावावी लागते, कोणत्या जनावराची म्हणून. कोऱ्या काचेला काय लावणार? मी तिला 'पिवळी कुत्री, टांगा स्टँड' अशी चिठ्ठी लावायचो.

किती डॉक्टर आले, किती बदलून गेले. प्रत्येक जण कधी ना कधी ती काच उचलून विचारायचा, "बाबूराव, ही टांगा स्टँडवरची रोज कशी काय येते? काय होतं तिला?"

मी सांगायचो, "काही नव्हतं, साहेब. निरोगी होती."